गिधाडांची मोजदाद आणि आपला अर्ज

पाखरांच्या अभ्यासासाठी मिळणाऱ्या छोट्या अनुदानांवर या दैनिकाने अग्रलेख का लिहावा, असे आमचे काही वाचक विचारतील. ज्या समाजाच्या मुलांची शिष्यवृत्ती महिनोन् महिने अडकून पडते, ज्यांना गावात स्मशानभूमीसाठी अजून भांडावे लागते, त्यांनी पाखरे मोजत बसावे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु याच प्रश्नाची दुसरी बाजू आज आम्हाला मांडायची आहे. या देशात रानाची, पाण्याची, जनावरांची आणि पाखरांची धोरणे ठरतात ती नोंदींवरून. ज्याने मोजले आणि लिहून ठेवले, त्याचे म्हणणे सरकारदरबारी ऐकले जाते. ज्याने नुसते पाहिले त्याला कुणी विचारत नाही. आमच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले. लिहिले मात्र दुसऱ्यांनी. ही रीत मोडण्याचा एक लहानसा मार्ग या अनुदानांतून जातो. म्हणून हा विषय आमचा आहे.

आधी ही अनुदाने काय आहेत ते सांगतो. पक्ष्यांचा अभ्यास, त्यांच्याविषयीचे शिक्षण आणि त्यांचे रक्षण यांसाठी जगातल्या काही संस्था लहान रकमा देतात. ब्रिटनमधला ओरिएंटल बर्ड क्लब हा १९८५ साली निघालेला; आशियातल्या पक्ष्यांच्या कामाला त्याने अशी मदत केली आहे. त्याच देशातील रफर्ड फाउंडेशनने विकसनशील देशांतल्या तरुण कार्यकर्त्यांना अशी अनेक अनुदाने दिली आहेत. या रकमा कोटींच्या नसतात. काही हजारांपासून काही लाख रुपयांपर्यंत त्या जातात. मोठ्या प्रकल्पवाल्यांना त्या किरकोळ वाटतील. परंतु तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, एसटीने फिरणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी एवढ्या रकमेत वर्षभराचे काम उभे राहू शकते. आमच्या कार्यालयात येणाऱ्या पदवीधर तरुणांपुढे आम्ही हा विषय काढतो तेव्हा बहुतेकांनी या निधींचे नावही ऐकलेले नसते. स्पर्धा परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख त्यांना तोंडपाठ असते. ही वाट त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

आता मोजण्याने काय होते ते पाहू. उदाहरण गिधाडांचे घेऊ. १९८०च्या दशकात गिधाड हा भारतातला अगदी सामान्य पक्षी होता; तो संपेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी त्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली तेव्हा घरटी झपाट्याने कमी झालेली आढळली. जुनी मोजणी हाताशी होती म्हणून ही घट सिद्ध करता आली. पुढे २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण उघड झाले. गुरांना वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. दरम्यान १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ नामशेष झाली होती. हजारात एखादे उरले असा तो हिशेब होता.

यात माणसाचे काय गेले, असे कुणी म्हणेल. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी त्याचाही हिशेब मांडला आहे. गिधाडे गेल्याने मेलेली गुरे उघड्यावर सडत राहिली, पाणी नासले, भटकी कुत्री वाढली, कुत्र्यांच्या चाव्यातून रेबीज वाढला. यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली, असा त्यांचा अंदाज आहे. ही माणसे कोणत्या वस्त्यांतली असतील हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गावाची मेलेली गुरे टाकण्याची जागा कुणाच्या घराजवळ असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पाखरांचा प्रश्न हा बंगलेवाल्यांचा छंद आहे असे म्हणता येणार नाही.

येथेच आमचा खरा मुद्दा सुरू होतो. गिधाडे कमी झाली हे सर्वांत आधी कुणाला कळले असेल? मेलेले ढोर ज्यांना ओढावे लागत होते त्यांना! ढोर टाकल्यावर किती वेळात गिधाडे उतरतात, कोणत्या बाजूने येतात, कोणत्या झाडावर बसतात, हे त्या माणसांइतके जवळून पाहिलेला दुसरा कुणी नव्हता. परंतु त्यांना विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. गावाने त्यांच्याकडून काम करून घेतले आणि त्यांच्या डोळ्यांना काय दिसले ते मात्र वाऱ्यावर सोडले.

आमच्या लिहिण्याचा कुणी भलता अर्थ काढू नये म्हणून स्पष्ट सांगतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडा असे सांगितले. समाजाने ते ऐकले आणि पुढे गावोगाव ढोर ओढणेही नाकारले. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ढोरे ओढणे सोडले तर तुमचेच उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही घेतला होता. ते काम सोडले ते योग्यच केले. कोणत्याही पर्यावरणाच्या नावाखाली ते पुन्हा आमच्या डोक्यावर येता कामा नये. आज गिधाडे वाचवण्यासाठी ठरावीक जागी मेलेली गुरे नेऊन टाकण्याच्या योजना निघतात. त्यांना ‘गिधाडांचे उपाहारगृह’ असे गोंडस नावही मिळते. योजना चांगली आहे. परंतु ते गुरू उचलणार कोण? प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ‘स्थानिक मजूर’ असे दोन शब्द लिहिलेले असतात. त्या दोन शब्दांच्या आड कोणती जात उभी आहे, हे विचारण्याचे धाडस अर्ज लिहिणाऱ्याला होत नाही. तेथे गाडी हवी, उचलण्याचे यंत्र हवे, हातमोजे हवेत, पगार हवा, आणि ते काम कोणत्याही जातीच्या माणसाने करावे अशी अट हवी. अर्ज आमच्या माणसाने लिहिला तर ही अट त्यात येईल. दुसऱ्याने लिहिला तर ती येईल याची हमी कोण देणार?

आमच्या महाराष्ट्रातच हा विषय कसा जुळून येतो पाहा. महाड रायगड जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. महाडच्या सिस्केप या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी राखण्याचे काम केले आहे, ते कौतुकास्पद आहे. ही गिधाडे उंच झाडांवर घरटी बांधतात. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात झाडांची मोठी पडझड केली. अशा वेळी त्या पट्ट्यात पूर्वी कोणत्या गावी, कोणत्या आंब्यावर, कोणत्या देवराईत घरटी होती याची जुनी माहिती लाखमोलाची ठरते. ती माहिती ज्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे ती माणसे दरवर्षी आपल्यातून जात आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गिधाडांची आठवण सांगणारी ही शेवटची पिढी आहे. एक तालुका, तीस-चाळीस गावे, प्रत्येक गावातले दोन-तीन वयस्कर स्त्री-पुरुष, एक वही आणि एक आवाज नोंदवणारे यंत्र, एवढ्यावर वर्षभरात हे काम होऊ शकते. हे लहान अनुदानाचेच काम आहे. मोठ्या संस्थेला त्यात रस वाटणार नाही आणि आमच्या मुलाशिवाय दुसऱ्या कुणापुढे ती माणसे मोकळेपणाने बोलणार नाहीत.

त्यात एक पथ्य मात्र पाळावे. ही आठवण अपमानाच्या आठवणीला लागून असते. आजोबांना गिधाडांविषयी विचारणे म्हणजे ढोरे ओढण्याच्या दिवसांविषयी विचारणे. ज्याला बोलायचे नसेल त्याला सोडून द्यावे. ज्याला नाव नको असेल त्याचे नाव छापू नये. जो बोलेल त्याचा वेळ फुकटचा समजू नये. त्याच्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. आणि लिहून झाल्यावर ते त्याच्यासमोर मराठीत वाचून दाखवावे.

‘आम्हाला काय येते? आम्ही काही शास्त्रज्ञ नाही,’ असे म्हणून मागे सरणाऱ्यांना आम्ही सलीम अलींची गोष्ट सांगू इच्छितो. भारतातल्या या सर्वात मोठ्या पक्षितज्ज्ञाकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती आणि त्यामुळे झूलॉजिकल सर्व्हेतली नोकरी त्यांना मिळाली नाही. १९३०च्या सुमारास ते याच रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, अलिबागजवळच्या किहीमला राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणीची वसाहत होती. ते पावसाळाभर रोज पाहत राहिले आणि लिहीत राहिले. सुगरणीचा नर अर्धे घरटे बांधून मादीला दाखवतो, तिने पसंत केले तर पुरे करतो आणि मग दुसरे बांधायला घेतो, हे त्या निरीक्षणांतून नोंदले गेले. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. झाड, वही आणि नेम लागला. पुढे त्यांनी संस्थानिकांकडे जो प्रस्ताव ठेवला तो तर अनुदानाचा अर्जच होता. पगार नको, दौऱ्याचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातले पक्षी नोंदवून देतो. अशा रीतीने हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन येथील पक्ष्यांची पाहणी झाली. १९७६ साली जे. पॉल गेटी पारितोषिकाची ५० हजार डॉलरची रक्कम त्यांना मिळाली, तेव्हा त्यातून त्यांनी निसर्गरक्षणाचा निधी उभा केला.

परंतु सलीम अली तय्यबजी घराण्यात वाढले. त्यांच्या अर्जामागे ओळखी होत्या, इंग्रजी होते, पाठीशी सोसायटी होती. आमच्या मुलामागे यातले काही नाही. आणि ज्यांच्या हातातली विद्या या पक्षिशास्त्राने वापरली त्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. कडी घालायची तर पाखरू इजा न होता जिवंत पकडावे लागते. ती विद्या बिहारमधल्या मिरशिकार समाजाच्या माणसांकडे होती. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचे कसब पक्षितज्ज्ञांनीही वाखाणले आहे. असे एखादे नाव लोकांसमोर आले. बाकीच्यांची किती आली? आमच्याकडच्या फासेपारध्यांचेही तेच. त्यांच्या समाजाच्या नावातच फासा आहे. तित्तर आणि लाव्याची वाट, वेळ आणि बोली त्यांच्याइतकी कुणाला कळते? परंतु इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पोलिसांच्या मनातून नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते पक्ष्यांच्या हिताचे झाले. पण त्या माणसाला दुसरे काम देण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही. अकोला-वाशीमकडे संवेदना या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन तणमोर या अतिशय दुर्मीळ पक्ष्यासाठी गवताळ राने राखण्याचे काम केले. शिकारी ठरवलेला माणूस राखणदार होऊ शकतो, हे त्यातून दिसले. आता पुढची पायरी अशी की तो राखणदार स्वतः अर्जदार व्हावा.

तर अर्ज कसा करावा? अनुदान देणाऱ्याला मोठमोठे शब्द नको असतात. ‘पक्ष्यांचे संवर्धन करणे’ असे लिहिणारा अर्ज बाजूला पडतो. ‘अमुक तालुक्यातल्या तमुक गावांत या वर्षी गिधाडांची किती घरटी आहेत आणि वयस्कर माणसांच्या आठवणीप्रमाणे पूर्वी कोठे होती हे आम्ही नोंदवणार’ असे लिहिणारा अर्ज वाचला जातो. प्रश्न एकच असावा आणि तो वर्षभरात सुटणारा असावा. महिन्यावार काम लिहावे. अंदाजपत्रकात प्रवास, जेवण, मजुरी, दुर्बीण, वह्या, गावातली सभा असा खर्च वेगवेगळा दाखवावा. ढोबळ आकडा टाकू नये. रफर्डसारख्या निधीला तीन जाणकारांच्या शिफारशी लागतात. पैशाचा बहुतेक भाग प्रत्यक्ष रानातल्या कामावर जावा असा त्यांचा आग्रह असतो. कॉलेजची फी आणि परिषदांचे दौरे यांना ते पैसा देत नाहीत. अभयारण्यात काम असेल तर वन खात्याची परवानगी आधी मागावी. पक्षी पकडायचा असेल तर परवानगीशिवाय हात लावणे हा गुन्हा आहे. नकार आला तर कारण विचारावे आणि पुढच्या वर्षी सुधारून पुन्हा पाठवावा. पहिला अर्ज नाकारला जाणे ही काही नामुष्की नव्हे.

आणि जे लिहाल ते खरे लिहा. रानपिंगळ्याची गोष्ट यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८८४ नंतर हे घुबड कुणाला सापडले नव्हते. परंतु मायनरत्झागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली ते गुजरातेत मिळवल्याचा दावा केला होता आणि त्याच्या हुद्द्याकडे पाहून तो दावा खरा मानला गेला. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणांवर शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्याच खानदेशात, शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. साहेबाची खोटी चिठ्ठी अनेक वर्षे चालली. आमच्या मुलाची एक चूक एक दिवसही खपवून घेतली जाणार नाही. म्हणून तारीख, जागा, वेळ आणि संख्या जेथल्या तेथे लिहावी. जे दिसले नाही ते लिहू नये.

परदेशी पैशाविषयी एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परदेशातून येणाऱ्या देणगीला २०१० चा विदेशी योगदान कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने नोंदणीकृत संस्थेलाही असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घेण्याचे बंधन घातले आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. पूर्वी मोठी संस्था पैसा आणून लहान मंडळाला देऊ शकत होती. ती वाट बंद झाली. याचा फटका कुणाला बसला? ज्यांची स्वतःची नोंदणी नाही अशा लहान मंडळांना! म्हणून अर्ज करण्याआधी जाणत्या हिशेबतपासनिसाचा सल्ला घ्यावा आणि आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवावी. त्याचबरोबर देशातल्या पैशावरही हक्क सांगावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांना जैवविविधता समित्या नेमायला सांगितले आहे आणि गावाच्या झाडा-पाखरांची लोक-नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. २००४ च्या नियमांत या समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे किमान १८ टक्के आणि स्त्रियांचे एक तृतीयांश सदस्य असावेत अशी तरतूद होती. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, नोंदवहीत काय लिहिले आहे आणि ते कुणाला विचारून लिहिले आहे, हे ग्रामसभेत विचारा. कंपन्यांनी २०१३ च्या कायद्याप्रमाणे सामाजिक कामावर खर्चायच्या दोन टक्के नफ्यातही प्राणी-वनस्पतींच्या रक्षणाला जागा आहे.

अनुदान देणाऱ्यांनाही आम्ही सांगू इच्छितो. इंग्रजीतला अर्ज ही चाळणी असेल तर तीतून इंग्रजी माध्यमाची मुले खाली येतील. पाखरे ओळखणारी मुले वरच अडकतील. मराठीत, गोंडीत, भिलोरीत अर्ज घ्या किंवा तोंडी मुलाखत घ्या. रानात वाट दाखवणाऱ्याचे नाव अहवालावर लेखक म्हणून घाला. २०२३ च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींना तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे सांगितले गेले. त्यामागे ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी होत्या. काम मोठे आहे, आम्ही ते मानतो. त्या ३० हजारांत फासेपारध्याची मुलगी किती, महाडच्या बौद्धवाड्यातला मुलगा किती, हेही कधीतरी मोजा.

आणि शेवटी चळवळीला. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव आंबेडकर नावाचा तरुण करारावर सही करून कोलंबिया विद्यापीठात गेला. दुसऱ्याच्या पैशावर शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, कारण त्या पैशाचे काय करायचे हे त्याला पक्के ठाऊक होते. आमच्या वाचनालयांत, अभ्यासिकांत, वसतिगृहांत आज स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात. त्यांच्या जोडीला महिन्यातला एक रविवार अर्ज लिहिण्याला द्या. निवृत्त बँक अधिकाऱ्याने अंदाजपत्रक पाहावे, इंग्रजीच्या प्राध्यापकाने भाषा पाहावी, शिफारसपत्र कुणी द्यायचे ते तेथेच ठरवावे. आणि ज्या मुलाच्या वा मुलीच्या घरी गिधाडे पाहिलेली आजी अजून आहे, त्यांनी त्या रविवारची वाट पाहू नये. आजच वही घेऊन तिच्याजवळ बसावे. अनुदान पुढच्या वर्षीही मिळेल. आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.